महसूल मंत्री साहेब, डंपरला जीपीएस लागला, आता ड्रिलवाल्याचं पण बघा

मा. महसूल मंत्री महोदय, सप्रेम नमस्कार.

मी एका खडी क्रशरच्या ऑफिसात रॉयल्टी आणि पासचं काम बघतो. महाखनिज ही सरकारची ऑनलाइन पासची सिस्टीम आल्यापासून डंपर कुठून निघाला, किती ब्रास भरला, सगळं ऑनलाइन दिसतं, चांगलंच आहे. पण खदानीत जॅकहॅमर, म्हणजे दगडात भोक पाडायचं ड्रिल मशीन, धरणाऱ्या पोराला कोणी काही शिकवलंय का, हे विचारायला अजून एकही साहेब आमच्याकडे आलेला नाही.

पोरगं मुकादमाबरोबर उचल घेऊन येतं आणि दुसऱ्या दिवशी ड्रिल हातात. शिकवणार कोण, तर शेजारचा, जो स्वतः असाच बघून बघून शिकला. सुरुंगाचा बार झाल्यावर जुन्या भोकाचा बुडखा शिल्लक राहतो, त्यात न फुटलेली दारू असू शकते, आणि आयतं भोक आहे म्हणून हे त्यातच परत ड्रिल घालतात, मेहनत वाचते ना! खरं तर जुन्या भोकात ड्रिल घालायचं नाही हा खाणकामाचा पहिला धडा. धुळीचं पण तेच, तोंडाला रुमाल बांधला की झालं असं वाटतं, बारीक धूळ रुमालाला जुमानत नाही. पाणी सोडत ड्रिल केलं तर धूळ जागेवरच बसते, पण सांगणार कोण? आपल्या काळ्या दगडात सिलिका, म्हणजे धुळीतला फुप्फुसाला घातक भाग, कमी, ठीक, पण सिंधुदुर्गात कासार्ड्याकडे तर सिलिका वाळूच काढतात. सिलिकोसिसने, म्हणजे या धुळीच्या आजाराने, गेलेलं फुप्फुस परत येत नाही आणि कित्येकदा टीबी समजून भलतीच औषधं चालू राहतात.

नियम नाहीत असं नाही. १९६६ पासून खाण कामगारांच्या ट्रेनिंगचे नियम आहेत, वेकोलिच्या (वेस्टर्न कोलफिल्ड्स, सरकारी कोळसा कंपनी) कोळसा खाणींना वेगळी ट्रेनिंग सेंटरं आहेत. छोट्या खदानीचं मात्र सगळं अधांतरी, १९५२ च्या खाण कायद्यात तर ६ मीटरच्या आत खोली, ५० पर्यंत माणसं आणि सुरुंग नाही अशा दगडखाणीला बहुतेक कलमांतून सूटच होती. रॉयल्टी तुमच्याकडे, सुरक्षा धनबादच्या डीजीएमएसकडे, म्हणजे केंद्राच्या खाण सुरक्षा खात्याकडे, मग शिकवायचं कोणी?

पैसा आहे साहेब. खाणवाल्यांकडून जमा होणारा जिल्हा खनिज प्रतिष्ठानाचा निधी कौशल्य विकासाला वापरता येतो, सारखे रस्ते आणि सभामंडपच कशाला? फक्त ट्रेनिंग तालुक्याच्या हॉलमध्ये ठेवू नका, कोणी येणार नाही, इथे मजुरी ब्रासवर मिळते, एक दिवस बुडाला की चूल बुडते. त्या दिवसाची मजुरी द्या, खदानीवरच या, वडारी आणि हिंदीत बोलणारा माणूस आणा, पीपीटी नको. आमच्यातले जुने जाणते ब्लास्टर आहेत, त्यांनाच ट्रेनर करा. आणि सर्टिफिकेट मालकाच्या कपाटात नको, कामगाराच्या मोबाईलवर द्या, तो पुढच्या वर्षी दुसऱ्या जिल्ह्यात असतो.

पावसाळ्यात ठेवाल तर कोणी सापडणार नाही, सगळे गावी जातात. दिवाळीनंतर टोळ्या परत आल्या की पहिल्याच आठवड्यात लावा. तारीख कळवा, क्रशरची शेड मोकळी करून देतो, शेठना मी समजावतो.

आपला,
एक क्रशर क्लार्क