२४ दाब आणि तुझी झोप

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

पत्र मिळालं. चाळिशीचा चष्मा करायला आलेल्या बाईंच्या डोळ्याचा दाब २४ भरला आणि ‘दाब उतरवायचे थेंब सुरू करू की नको’ या विचारात तुझी झोप उडाली, हे वाचून आधी हसू आलं, मग बरं वाटलं. प्रॅक्टिसच्या सुरुवातीला मी असा विचारच करत नव्हतो. २१च्या वर गेला की काचबिंदू, २१च्या आत असला की चष्मा लिहून मोकळा!

त्याची किंमत माझ्या एका पेशंटने मोजली. पन्नाशीतले गृहस्थ, दर दोन वर्षांनी यायचे. दाब १६-१७. मी नंबर काढायचो आणि ‘सगळं उत्तम’ म्हणून पाठवायचो. चौथ्या खेपेला सहज बोलून गेले, हल्ली जिन्याची पायरी चुकते. त्या दिवशी पहिल्यांदा बाहुल्या मोठ्या करून डिस्क, म्हणजे डोळ्याच्या मज्जातंतूची आत दिसणारी टोकं, नीट पाहिल्या. वरचा आणि खालचा काठ झिजून नुसता कप, म्हणजे मधला खड्डा, उरला होता. जुने कागद काढले. सहा वर्षांत डिस्कबद्दल माझ्या हातचं एक अक्षर नव्हतं. त्यांनी मला दोष दिला नाही, म्हणून तर जास्त बोचतं.

म्हणून तुझ्या त्या २४कडे येतो. २१ ही काही निसर्गाने आखलेली रेघ नव्हे. निरोगी लोकांच्या दाबाच्या सरासरीवरून संख्याशास्त्राने काढलेली ती हद्द आहे. २००२ साली ऑक्युलर हायपरटेन्शन ट्रीटमेंट स्टडीचे निष्कर्ष आले, ते आठव. दाब २४ ते ३२, पण डिस्क आणि फील्ड (नजरेचा आवाका) धड, अशी माणसं त्यात घेतली होती. पाच वर्षांत, थेंब न घालणाऱ्यांपैकी ९.५ टक्क्यांना काचबिंदू झाला, थेंब घालणाऱ्यांपैकी ४.४ टक्क्यांना. थेंबांनी धोका निम्म्याहून कमी झाला, हे खरंच. पण न घालणाऱ्यांतल्या दहातल्या नऊ जणांना त्या काळात काही झालं नाही, हेही तितकंच खरं. बाई कुठल्या गटात मोडतील, हे २४ हा आकडा एकटा सांगणार नाही.

पॅकिमेट्री, म्हणजे कॉर्नियाच्या (डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याच्या) जाडीची मोजणी, केलीस का? गोल्डमनचं ॲप्लनेशन, म्हणजे दाब मोजायची आपली नेहमीची पद्धत, कॉर्निया साधारण ५२० मायक्रॉन जाड आहे असं धरून चालतं. बाईंचा कॉर्निया ६०० निघाला तर खरा दाब दिसतो त्याहून कमी असण्याची शक्यता आहे. पातळ निघाला तर मात्र सावध हो. त्या अभ्यासातही पातळ कॉर्नियावाल्यांना धोका जास्तच दिसला होता. आणि दाब एकदाच मोजून थांबू नकोस. दुसऱ्या दिवशी, वेगळ्या वेळेला पुन्हा मोज. दिवसभरात तो वरखाली होतो. श्वास रोखून, कॉलर आवळून बसलेल्या माणसाचा तर नक्कीच.

गोनिओस्कोपीचा, म्हणजे डोळ्याला लेन्स लावून कॉर्निया आणि आयरिस (बुबुळाचा रंगीत पडदा) यांमधला कोन पाहण्याचा, तू पत्रात उल्लेखही केला नाहीस, म्हणजे केली नसणार. ओळखतो तुला. लेन्स धुवायचा कंटाळा, दुसरं काय! अरे, कोन उघडा की बंद हे न पाहता ‘ओपन अँगल’ लिहिणं म्हणजे दार न उघडता घरात कोणी नाही म्हणण्यासारखं. कोन अरुंद निघाला तर वाटच बदलते. लेझरने आयरिसला भोक पाडायचं की डोळ्यातली लेन्सच काढायची, असे प्रश्न येतात. असा कोन एकदम बंद झाला की डोकं फुटतं, उलट्या होतात, डोळा लाल आणि नजर धूसर होते, दिव्याभोवती रंगीत कडी दिसतात. कधी कधी पेशंट आधी पोटाच्याच डॉक्टरकडे पोचतो.

आणि स्टेरॉइडचं विचार, त्यानेही दाब चढतो. ‘औषध घेता का?’ असं विचारलंस तर ‘नाही’ म्हणतील. डोळे खाजतात म्हणून घातलेले थेंब, चेहऱ्याला लावायचं मलम, दम्याचा पंप, असं एकेकाचं नाव घेऊन विचार. आई-वडील, भावंडं यांपैकी कोणाला काचबिंदू होता का, तेही.

फील्ड पहिल्यांदा वाईट आलं तर लगेच घाबरू नकोस, पहिल्या खेपेला माणूस बटण दाबायला शिकत असतो. पुन्हा घे. ओसीटीच्या (डिस्कच्या स्कॅनच्या) लाल-हिरव्या रंगांवरही आंधळा विश्वास नको. मायनस नंबर जास्त असला की चांगली डिस्कही लाल दिसते.

समजा, उपचार करायचेच ठरले. खरी कसरत तिथून पुढे आहे. दुखत नाही, खुपत नाही, आणि तू म्हणणार, रोज रात्री थेंब घाला, जन्मभर. वर नजर सुधारणार नाही, फक्त आहे ती टिकेल! हे पहिल्याच दिवशी स्पष्ट सांग, नाहीतर महिन्याभरात ‘फरक नाही’ म्हणून बाटली बंद. टिमोलॉलचे थेंब लिहिण्याआधी दमा आणि मंद नाडी विचारायची, हे तुला सांगायला नको. मी तर थेंब समोर घालून दाखवायला लावतो. अर्धे लोक गालावर घालतात! एकच थेंब, मग डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा दोन मिनिटं दाबून धरायचा.

थेंब जमणार नसतील तर दाब उतरवणाऱ्या एसएलटी लेझरचा पर्याय सुरुवातीलाच मांड. २०१९च्या लाइट ट्रायलमध्ये, म्हणजे लेझर आणि थेंबांची तुलना करणाऱ्या अभ्यासात, आधी लेझर केलेल्यांपैकी जवळपास तीन चतुर्थांश लोकांचा दाब तीन वर्षांनीही थेंबांविना ताब्यात होता.

बाईंची डिस्क कशी आहे, ते मात्र तुझ्या पत्रात कुठेच नाही. बाहुल्या मोठ्या करून पाहा, हाताने चित्र काढ, जमलं तर फोटोही पाठव. गोनिओ आधी कर पण!

तुझाच,
जुना सोबती