विषय: आपल्या सुरक्षा ऑटोमेशन सॉफ्टवेअरमधील पाथ ट्रॅव्हर्सलची त्रुटी व आपल्या सपोर्ट विभागाची उत्तरे

प्रति,
प्रमुख, ग्राहक सेवा विभाग

पाथ ट्रॅव्हर्सल म्हणजे काय हे सुरक्षेची सॉफ्टवेअरे विकणाऱ्या कंपनीला सांगावे लागणार नाही, असे गृहीत धरून लिहीत आहे. आजच्या फोनवर ते गृहीत खोटे ठरले, ही गोष्ट वेगळी.

अक्कलकोट रोड एमआयडीसीतील आमच्या टॉवेल कारखान्यात आपले सॉफ्टवेअर चालते. त्यातील अहवाल डाउनलोड करण्याच्या लिंकमध्ये फाइलच्या नावाआधी दोन टिंबे आणि तिरकी रेघ ही जोडी चार-पाच वेळा लिहिली, की ते अहवालांच्या फोल्डरबाहेर जाऊन सर्व्हरवरील मागाल ती फाइल देते; हेच ते पाथ ट्रॅव्हर्सल. फक्त अहवाल पाहण्याची मुभा असलेल्या लॉगिनने मी हे करून पाहिले. आपली सेवा रूटच्या, म्हणजे सर्व्हरवरील सर्वोच्च अधिकाराने चालत असल्यामुळे पासवर्डचे हॅश (सांकेतिक रूप) ठेवणारी शॅडो फाइलसुद्धा उघडली, आणि प्लेबुकच्या (आपोआप करायच्या सुरक्षा कृतींच्या यादीच्या) कॉन्फिगरेशन फाइलमध्ये फायरवॉलपासून मेल सर्व्हरपर्यंत सगळ्यांच्या एपीआय की, म्हणजे त्या यंत्रणांत प्रवेश देणारे गुप्त संकेत, उघड्या पडलेल्या दिसल्या. याचे सर्व पुरावे आपल्याकडे नोंदवलेल्या तक्रारीच्या तिकिटासोबत जोडले होते. तिकीट 'निराकरण झाले' असा शेरा मारून बंद करण्यात आले.

आजचा संवाद मुद्दाम सविस्तर लिहितो. आपल्या प्रतिनिधींनी आधी ब्राउझरची कॅश साफ करायला सांगितली. ब्राउझरचा संबंध नाही, दोष सर्व्हरवर आहे, असे म्हटल्यावर सर्व्हर रीस्टार्ट करण्याचा सल्ला मिळाला. तोही निष्फळ ठरेल हे सांगितल्यावर त्यांनी मला होल्डवर ठेवले आणि परत येऊन विचारले, "सर, आपण सोलापूरहून बोलताय ना? टॉवेलच्या कारखान्यावर कोण कशाला हल्ला करेल?" मी क्षणभर गप्प राहिलो. मग त्यांनीच तोडगा सुचवला: "ती लिंक कुणाला सांगू नका." आपल्या सुरक्षा धोरणाचा हाच गाभा असेल, तर तो माहितीपत्रकात ठळक छापावा.

सॉफ्टवेअरमधील दोषांच्या सीडब्ल्यूई या यादीत सीडब्ल्यूई-२२ या क्रमांकाने नोंदलेला हा दोष जुना आहे आणि त्याचा उपायही जुनाच आहे: मागितलेला पाथ पूर्ण उलगडून तो ठरलेल्या फोल्डरच्या आतच आहे ना, हे फाइल उघडण्यापूर्वी तपासणे. केवळ टिंबे गाळून भागत नाही, कारण तीच चिन्हे एन्कोड करूनही, म्हणजे सांकेतिक रूपातही, पाठवता येतात.

सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवावी लागते. उद्या त्या फाइलमधील की कुणाच्या हाती लागल्या, तर ती धावपळ आम्हाला करावी लागेल. आपण तिकीट पुन्हा बंद कराल.

पॅच (सॉफ्टवेअरची दुरुस्ती) कधी मिळेल व तोवर काय करावे, हे येत्या सोमवारपर्यंत लेखी कळवावे. अन्यथा हे पुरावे सर्ट-इनकडे जातील आणि नूतनीकरणाचे बिल न भरता परत येईल. सर्व की आम्ही बदलल्या आहेत, त्या कामाचा खर्चही आपल्याकडून अपेक्षित आहे. आणि तिकीट 'निराकरण झाले' म्हणून बंद केले आहे, ते आधी उघडावे.

आयटी विभागप्रमुख,
सोलापूर