सभासदांनी परत मिळवलेला क्लब

मा. संपादक,
सस्नेह नमस्कार.

ऑस्ट्रेलिया म्हटले की आपल्या क्रीडा पानावर क्रिकेटच येते. मी राहते त्या सिडनीत मात्र हिवाळाभर बसमध्ये, दुकानात, ऑफिसात विषय असतो रग्बी लीगचा. तेरा-तेरा जणांचा हा खेळ. सहा वेळा पाडले गेलात की चेंडू समोरच्या संघाकडे. त्यातल्या साउथ सिडनी रॅबिटोज या क्लबची गोष्ट आपल्या वाचकांना कळावी, असे फार दिवस वाटते आहे.

१७ जानेवारी १९०८ रोजी सिडनीतल्याच रेडफर्न भागातल्या टाउन हॉलमध्ये हा क्लब स्थापन झाला. वस्ती कामगारांची, पुढे मूळनिवासी कुटुंबांचीही. दारोदार ससे विकणाऱ्यांच्या आरोळीवरून क्लबला हे नाव पडले, असे सांगतात. पहिल्याच वर्षी विजेतेपद, आणि आजवर एकूण २१. इतकी इथे दुसऱ्या कोणाचीही नाहीत. १९७० च्या अंतिम सामन्यात कर्णधार जॉन सॅटलरचा जबडा सुरुवातीलाच मोडला, तरी तो शेवटपर्यंत मैदानात राहिला आणि मॅनलीला २३-१२ असे हरवूनच बाहेर आला.

अशा क्लबला १९९९ च्या अखेरीस स्पर्धेतून काढून टाकले! टीव्हीच्या हक्कांवरून दोन माध्यमसमूहांत झालेल्या भांडणानंतर संघ १४ वर आणायचे ठरले होते. दुसऱ्या क्लबात विलीन व्हायला साउथ सिडनी तयार नव्हता. जुने खेळाडू जॉर्ज पिगिन्स यांनी लढा उभारला, सभासदांनी पैसे जमवले. नोव्हेंबर २००० मध्ये खटला हरल्यावर सुमारे ८० हजार लोक सिडनीच्या रस्त्यांवर उतरले. माझ्या शेजारचे आजोबा त्यांत होते. तेव्हाचा लाल-हिरवा मफलर ते आजही सामन्याच्या दिवशी गळ्यात घालतात. जुलै २००१ मध्ये अपिलात निकाल बाजूने लागला आणि २००२ मध्ये संघ परतला. पुढे सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला, पण क्लबला पुन्हा बाहेर काढायला कोणी धजावले नाही.

पुण्याचा आयपीएल संघ २०१३ मध्ये बंद झाला, तेव्हा असे काहीच घडले नाही. यात पुणेकरांचा दोष नाही. तो संघ त्यांचा कधी नव्हताच. त्यांच्याकडे होते ते फक्त तिकीट.

२००६ मध्ये अभिनेता रसेल क्रो आणि उद्योजक पीटर होम्स अ कोर्ट यांनी साउथ सिडनीचा ७५ टक्के हिस्सा घेतला, तोही सभासदांच्या मतदानाने. तीन चतुर्थांश मते हवी होती, ती जेमतेम मिळाली. क्लब वाचवणारे पिगिन्स या विक्रीच्या विरोधात होते. त्यांची भीती मला पटते, पण पैशाशिवाय क्लब तगला नसता हेही खरे. २०१४ मध्ये, ४३ वर्षांनी, अंतिम सामन्यात बुलडॉग्जला ३०-६ असे हरवून विजेतेपद परत आले. सॅम बर्जेस त्या दिवशी गालाचे हाड मोडलेल्या अवस्थेत पूर्ण ८० मिनिटे खेळला.

आपल्याकडे आता कबड्डी, खो-खो, फुटबॉल, सगळ्यांच्या लीग झाल्या आहेत. त्यांच्या लिलावाच्या बातम्या आपण सविस्तर छापता. त्यासोबत संघाचा मालक कोण, आणि संघ बंद करायचा झाला तर पाठीराख्यांना कोणी विचारणार आहे का, हेही आपल्या वार्ताहरांनी विचारावे, ही कळकळीची विनंती.

– एक वाचक, सिडनी