बाबा, खत कमी पडत नाहीये

ती. आई-बाबांस,
सा. न.

परवा फोनवर बाबा म्हणाले, "दरवर्षी एवढं शेण घालतो, तरी जमीन काही धरत नाही." तेव्हापासून ते वाक्य माझ्या डोक्यातून जात नाहीये. फोनवर सगळं नीट सांगता येत नाही, म्हणून लिहायला बसले.

मागच्या खेपेला आले होते तेव्हा पावसाची एक जोराची सर येऊन गेली होती. गोठ्यामागे गेले, तर उकिरड्याच्या कडेनं काळपट-तांबूस पाणी निघून बांधापलीकडच्या ओघळीत चाललं होतं. त्या ओघळीच्या काठचं गवत माझ्या कमरेला लागत होतं, हिरवंगार. आणि इकडे आपल्या वाफ्यातली वांगी गुडघ्याएवढीही नव्हती. बाबा, खत कमी पडत नाहीये. खताचा कस त्या ओघळीतून वाहून जातोय.

नत्र आणि पालाश ही पिकाची मुख्य अन्नद्रव्यं पाण्यात सहज विरघळतात. उघड्या ढिगावर पाऊस पडला की तेच आधी जातात, मागे नुसता चोथा उरतो. दुसरी गळती गोठ्यातच आहे. जनावरानं बाहेर टाकलेल्या नत्रापैकी निम्म्याच्या आसपास नत्र मुतात असतं, पालाश तर बहुतेक सगळा. आई, तू रोज सकाळी गोठा धुऊन काढतेस, तेव्हा शेण हाताशी राहतं आणि मूत मोरीतून जातं. रात्री जनावरांखाली सुका पालापाचोळा किंवा भुसा पसरून ठेव. सकाळी तो भिजलेला थर शेणासकट उचलायचा आणि ढिगावर टाकायचा. खाली कोरडं राहिल्यानं गुरांनाही बरं.

आता ढिगाचं. मी फावड्यानं थोडं उकरून पाहिलं होतं. हातभर आत शेण तसंच हिरवट, चिकट, आंबूस वासाचं होतं. नुसतं ओलं शेण घट्ट बसलं की आत हवा शिरत नाही, आणि हवेशिवाय नीट कुजत नाही. शेणाच्या एका घमेल्याला सुक्या काडीकचऱ्याची साधारण दोन घमेली, असे थर द्या. ढीग लांबी, रुंदी, उंची तिन्हीकडून मीटरभर तरी हवा, त्याहून लहान असला तर तापत नाही. ओल बघायला मूठभर घेऊन घट्ट पिळा. बोटांतून एखाददुसरा थेंब आला की बरोबर. धार लागली तर सुका कचरा घाला, काहीच आलं नाही तर पाणी शिंपडा.

चार-पाच दिवसांत ढिगाच्या पोटात लोखंडी सळई खुपसून दहा मिनिटांनी काढा. हाताला चटका बसला पाहिजे. आतली उष्णता ५५ अंशांवर काही दिवस टिकली की तणाचं बी आणि रोगजंतू बहुतेक मरतात. आई, तू खुरपून खुरपून दमतेस ना, त्यातलं बरंचसं तण आपणच कच्च्या शेणातून वाफ्यात पेरतोय. ढीग थंडावला की बाहेरचं आत घालून उलथायचा. असं तीन-चार वेळा केलं की तीन-चार महिन्यांत ते काळं, भुसभुशीत होतं आणि पहिल्या पावसानंतरच्या मातीसारखा वास येतो. पिकाची मुळं खाणाऱ्या हुमणी अळीचं मूळही कच्च्या खतातच असतं, हे बाबांना माहीत आहेच.

मी स्वतः एकदा घाई केली होती. ताजं कोंबडखत थेट रोपांच्या बुंध्याशी घातलं. तिसऱ्या दिवशी पानांच्या कडा करपल्या आणि सगळा वाफा गेला. त्याचं मला आजही वाईट वाटतं.

कुजलेलं खत चौरस मीटरला दोन-तीन किलो पुरतं. पसरलं की त्याच दिवशी मातीत मिसळा, उन्हात पडू देऊ नका. आणि बाबा, एका हंगामात निकाल मागू नका. शेणखतातलं नत्र पहिल्या वर्षी थोडंच सुटतं, बाकीचं पुढच्या वर्षांत हळूहळू मिळतं. पण पाणी मुरायला लागलेलं आणि ढेकूळ बोटांनी फुटायला लागलेलं तुम्हाला त्याआधीच कळेल. यंदा ज्या वाफ्यांत कच्चं शेण गेलंय, तिथली मातीला टेकणारी आणि कच्ची खायची भाजी चार महिने तरी काढू नका.

एक मात्र ऐकाच. आई, अनवाणी उकिरड्यात जाऊ नकोस. तुझ्या टाचांना भेगा आहेत, आणि शेणामातीत धनुर्वाताचे जंतू असतात. दोघांनीही ते इंजेक्शन घेऊन दहा वर्षं झाली असतील तर आधी घेऊन या. आणि बाबा, तुमच्या कमरेला भरलेलं घमेलं आता झेपत नाही. अर्धंच भरा, फेऱ्या वाढल्या तरी चालतील.

मी पुढच्या महिन्यात चार दिवस काढून येतेय, मोठी ताडपत्री घेऊन. ढीग ओघळीपासून उचलून वरच्या कडेला, झाडाच्या सावलीत नेऊ. उलथायचं काम माझं. तोवर तुम्ही ढीग उकरू-हलवू नका, फक्त सुका पाचोळा गोळा करून ठेवा, जाळू नका.

तुमची,
लेक