बाण काढून देणाऱ्या ताईंना

प्रिय ताई,

समोर आभार मानायला गेले की तुम्ही "अहो, त्यात काय एवढं" म्हणून विषय बदलता, म्हणून हे सगळ्यांसमोर लिहिते आहे. वन-वे प्रिंटचं, म्हणजे सगळी चित्रं एकाच दिशेला उभी असलेलं, कापड घेऊन क्विल्ट (तुकडे जोडून केलेली गोधडी) शिवायला बसलेल्या कुणाला यातून काही मिळालं, तर त्याचं श्रेयही तुमचंच.

बगळ्यांचं ते कापड. सगळे बगळे एकाच दिशेला डोकं करून उभे. अशा कापडाचा एक तुकडा जरी फिरला तरी बगळा उलटा लटकतो, आणि बघणाऱ्याची नजर बाकी सगळं सोडून नेमकी तिथेच जाते. बगळे सरळ राहावेत म्हणून काय करायचं, हे तुमच्याआधी ज्यांना ज्यांना विचारलं त्यांची उत्तरं ठरलेली होती. "लांबून कोण बघतंय?" "साधं फुलाफुलांचं घ्या ना." "हाताने केलेलं आहे, थोडं इकडे तिकडे चालायचंच." फी घेऊन शिकवणाऱ्या एका वर्गातही याहून वेगळं काही ऐकायला मिळालं नाही. नमुन्याच्या पुस्तिकेत बॉर्डरला, म्हणजे मधल्या भागाभोवतीच्या पट्ट्यांना, किती कापड लागेल ते छापलेलं, पण ते माप दिशा नसलेल्या छपाईचं आहे, ही एक ओळ लिहायचे कष्ट कुणी घेतलेले नाहीत. त्या एका ओळीअभावी किती जणींचं चांगलं कापड वाया जात असेल!

तुम्ही मात्र आधी विचारलंत, "हे भिंतीवर लागणार की पलंगावर?" हा प्रश्न तोवर कुणीच विचारला नव्हता आणि खरं तर सगळं त्यावरच ठरतं. भिंतीवरच्या क्विल्टला वर-खाली पक्कं असतं, तिथे चारही बाजूंचे बगळे उभेच हवेत. पलंगावरच्या क्विल्टच्या कडा तीन बाजूंनी खाली लोंबतात, तिथे डोकी मधल्या भागाकडे करून बॉर्डर लावली तर प्रत्येक बाजूने बघणाऱ्याला बगळे सरळ दिसतात. दोन्ही बरोबर आहे, फक्त कात्री लावण्याआधी ठरलेलं हवं.

मग तुम्ही कापड अर्धं फिरवून दाखवलंत. १८० अंशांत फिरवून तसंच दिसलं तर ते टू-वे, पट्ट्यांसारखं. ९० अंशांतही तसंच दिसलं तर दिशेची काळजीच नको. नाहीतर वन-वे. आणि कापडाची विणलेली किनार बघायला लावलीत. बहुतेक डिझाइन किनारीला समांतर उभं असतं, पण काही कापडांवर ते आडवं छापलेलं असतं, आणि मग पुढचा सगळा हिशेब उलटा करावा लागतो.

तो हिशेब इथे मुद्दाम सविस्तर लिहिते, कारण तो कुठे सहज सापडत नाही. मधला भाग तयार, म्हणजे शिवून झाल्यावर, ६० बाय ७२ इंच, बॉर्डर तयार ६ इंच, कापडाचा वापरता येणारा पन्हा ४२ इंच. शिवणीसाठी प्रत्येक कडेला पाव इंच माया धरून पट्टीची रुंदी साडेसहा, आणि चारही पट्ट्यांची लांबी साडेबहात्तर. दिशा नसलेलं कापड असेल तर पन्ह्यावर आडव्या ७ पट्ट्या कापून जोडल्या की झालं, साडेपंचेचाळीस इंच कापडात काम भागतं. भिंतीवरच्या वन-वे कापडाला हे चालत नाही. बाजूच्या पट्ट्या किनारीला समांतर कापाव्या लागतात, वरच्या-खालच्या पन्ह्यावर. सरळ हिशेबाने साडेबहात्तर अधिक चार पट्ट्यांचे २६, म्हणजे साडेअठ्ठ्याण्णव इंच. तेवढं कापड नव्हतंच, आणि "मग होणार नाही" असं सांगून मोकळं होणं सोपं होतं.

तुम्ही म्हणालात, बाजूच्या दोन पट्ट्या आधी कापू. त्यांना पन्ह्यातले १३ इंच गेले, २९ इंच रुंद आणि साडेबहात्तर लांब तुकडा उरला. त्यातून २९ इंची ६ पट्ट्या, तीन-तीन जोडून वरची आणि खालची बॉर्डर. तीन जोडल्यावर ८६ इंच होतात, म्हणजे साडेतेरा इंच जास्तीचे, आणि ते जोडावर डिझाइन जुळवायला वापरायचे. या कापडावर आडवं डिझाइन दर ६ इंचांनी परत येत होतं. दोन जोडांवर अगदी जास्तीत जास्त १२ इंच गेले तरी पुरत होतं. उभं डिझाइन १२ इंचांनी परत येतं, म्हणून सहाही पट्ट्या डिझाइनच्या एकाच जागेपासून सुरू केल्या, नाहीतर जोडावर एका बगळ्याचं डोकं आणि दुसऱ्याचे पाय शेजारी आले असते. त्यालाही साडेसहासष्ट इंचच लागले. साडेबहात्तर इंच कापडात सगळी बॉर्डर बसली.

एक गोष्ट तुम्ही दोनदा बजावलीत. उभ्या धाग्याने कापलेली पट्टी कमी ताणते, आडव्या धाग्याची जास्त. म्हणून कडेवरून माप घेऊन लावत सुटायचं नाही. क्विल्टचं माप मधोमध घ्यायचं, पट्टी तेवढीच कापायची, टाचण्या आधी दोन टोकांना आणि मध्यावर, मग बाकीच्या. नाहीतर वरची बॉर्डर लाटा मारते.

त्रिकोणांचं तर कुणी नीट सांगतच नाही. एक प्रिंटचा आणि एक दुसऱ्या कापडाचा असे दोन चौकोन सुलट बाजू समोरासमोर ठेवून, कर्णाच्या दोन्ही बाजूंना पाव इंचावर शिवून, कर्णावर कापलं की दोन ब्लॉक, म्हणजे दोन त्रिकोण जोडून झालेले चौकोन, मिळतात. प्रिंट उभं ठेवलं तर एकात ते वर डावीकडे येतं, दुसऱ्यात खाली उजवीकडे. सगळे एकाच कोपऱ्यात हवे असतील तर निम्मे वाया. पण ताऱ्याच्या ब्लॉकला चारही कोपरे लागतात, तिथे निम्म्या चौकोनांचा कर्ण एका बाजूने आणि निम्म्यांचा दुसऱ्या बाजूने आखला की चारही जागांचे उभे त्रिकोण तयार. एका मोठ्या चौकोनातून आठ काढायच्या पद्धतीत हे आपोआप होतं, प्रत्येक कोपऱ्याचे दोन-दोन येतात. तयार ३ इंचाला मोठा चौकोन पावणेआठ इंचांचा. दोन चौकोन चौफेर शिवून दोन्ही कर्णांवर कापायची पद्धत मात्र इथे नकोच. त्यात प्रिंट ४५ अंशांत कलतं आणि कडा क्रॉसवर, म्हणजे धाग्याला तिरक्या, येऊन ताणतात.

फ्लाइंग गीझलाही (मध्ये मोठा त्रिकोण आणि दोन कोपऱ्यांत लहान त्रिकोण असलेला आयताकृती ब्लॉक) तेच. एकदम चार काढायच्या पद्धतीत मोठ्या त्रिकोणांची प्रिंट चार दिशांना जाते. ३ बाय ६ च्या तयार ब्लॉकला साडेतीन बाय साडेसहाचा आयत आणि साडेतीनचे दोन चौकोन घेऊन कोपरे दुमडायचे. कोपऱ्याचं कापडही वन-वे असेल तर दोन्ही चौकोन पालथे ठेवताना त्यांची डोकी आयताच्या मध्याकडे करायची. दुमडल्यावर ती उभी राहतात. शिवण्याआधी एकदा हाताने दुमडून बघा, ही तुमची सूचना सोन्यासारखी आहे.

आणि एरवी शिवणी एकमेकींत बसाव्यात म्हणून एकाआड एक ब्लॉक आपण खुशाल फिरवतो, ते इथे करता येत नाही. त्यामुळे निम्म्या ब्लॉकच्या शिवणी आधीच उलट दिशेला दाबून ठेवायच्या.

हे सगळं शोधणारीला कधीतरी सापडलंही असतं. मनात घर करून राहिलंय ते वेगळंच. कापून झाल्यावर तुम्ही उरलेल्या तुकड्यांची पुरचुंडी परत दिलीत. ती उघडली तर प्रत्येक तुकड्याच्या पाठीवर खडूने काढलेला छोटा बाण. मोठ्या पट्ट्यांवर होताच, पण दोन बोटांएवढ्या चिंध्यांवरही होता, ज्यांच्यावर बगळ्याचा एक पायच काय तो उरला होता. बाण सगळे कडेला, पाव इंच मायेच्या आत, म्हणजे शिवण घातली की दिसायला नकोत. पेन वापरला नाहीत. इस्त्रीने उडणारी शाई थंडीत परत उमटू शकते आणि पाण्याने जाणाऱ्या शाईवर इस्त्री फिरली तर ती पक्की बसू शकते, हे तुम्हाला ठाऊक होतं. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी बघणार नव्हतं. तरी त्या चिंध्यांनाही वर-खाली आहे असं धरून तुम्ही बसून एकेक उलटून पाहिलीत.

पुरचुंडी उघडल्यावर डोळे भरून आले, अजूनही येतात. पुष्कळ कसबी लोक मदत करतात ती "एवढंही कळत नाही?" या सुरात. समोरचा शिकतो, पण पुन्हा विचारायला येत नाही. तुम्ही कापडाला हात लावण्याआधी "घेऊ का?" विचारलंत, एकही कट स्वतः मारला नाहीत, मोजपट्टी धरलीत आणि कटर माझ्या हातात ठेवलात. ज्ञान असणं आणि ते समोरच्याला लहान न करता देता येणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरी फार थोड्यांकडे असते आणि अशा माणसांचं नाव कुठल्याही पुस्तिकेवर छापलेलं नसतं.

वरचा हिशेब तुम्ही एकदा नजरेखालून घालावा. कुठे अर्धा इंच इकडे तिकडे झाला असेल तर कळवा, लगेच दुरुस्त करते. इतरजणी आता त्यावरून कापायला बसणार आहेत.

मनापासून आभार, ताई.

तुमची,
एक शिकाऊ शिवणारी