निकाहनाम्यातली कोरी जागा

महोदय,

मुस्लिम पुरुषाला चार विवाहांची मुभा आहे, एवढेच सर्वांना ठाऊक असते. पहिल्या पत्नीचे हक्क मात्र तिलाच कुणी सांगत नाही. ते खरे तर निकाहाच्या दिवशीच सुरू होतात. निकाहनाम्यात, म्हणजे विवाहाच्या लेखी करारात, अटी लिहिता येतात, पण ती जागा अनेकदा कोरीच राहते. तिथे नुसते ‘दुसरा विवाह करणार नाही’ लिहून भागत नाही, कारण अट मोडली तरी दुसरा निकाह रद्द होत नाही. म्हणून पुढचे वाक्यही हवे: ‘पतीने दुसरा निकाह केल्यास स्वतःला तलाक देण्याचा अधिकार पत्नीला राहील.’ यालाच तलाक-ए-तफवीज म्हणतात आणि न्यायालये तो मानतात. निकाहनाम्याची सहीची प्रत मुलीकडेच असू द्या, सासरच्या कपाटात नको.

अट लिहिली नसली तरी वाट बंद होत नाही. पत्नींना समान वागणूक न देणे हे 1939च्या मुस्लिम विवाहविच्छेद कायद्यानुसार घटस्फोटाचे कारण आहे. दोन वर्षे पोटगी न देणे हे वेगळे कारण. पतीने दुसरे लग्न केले म्हणून वेगळी राहणारी पत्नी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 144खाली पोटगी मागू शकते. ‘ती स्वतःहून घर सोडून गेली’ हा बचाव तिथे टिकत नाही.

आणि विवाह विशेष विवाह कायद्याखाली (कोणत्याही धर्माच्या जोडप्याला लागू होणाऱ्या नोंदणी विवाहाच्या कायद्याखाली) नोंदवलेला असेल, तर मुस्लिम पतीलाही दुसरा विवाह करता येत नाही; केल्यास तो गुन्हा ठरतो.

– कौटुंबिक कायद्याचा एक अभ्यासक