'बॉयकॉट' नव्हे, 'वाळीत'च म्हणा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आपल्या दैनिकात आमच्या रायगड जिल्ह्यातल्या एका गावची बातमी वाचली. गावकीने एका कुटुंबाशी बोलणे-चालणे बंद केले आणि त्यांच्याशी बोलेल त्याला दंड लावला, अशी ती बातमी. छापलीत हे फार चांगले केलेत, कारण अशी बहुतेक प्रकरणे पोलीस ठाण्याची पायरीही चढत नाहीत. पण मथळा होता 'गावकीचा कुटुंबावर बॉयकॉट'. तो वाचून राहवले नाही, म्हणून हे पत्र. मी ३१ वर्षे शाळेत इंग्रजी शिकवले आहे.

बॉयकॉट म्हटले की आमच्या काळी मुलांना इंग्लंडचा सलामीचा फलंदाज आठवायचा. मी वर्गात दरवर्षी सांगायचो, हा शब्द म्हणजे दुसऱ्याच एका माणसाचे आडनाव आहे. चार्ल्स कनिंगहॅम बॉयकॉट हा आयर्लंडच्या पश्चिमेला, मेयो परगण्यात, लॉर्ड अर्न या जमीनदाराचा कारभारी. पीक बुडाल्यावर जमीनदार खंडात, म्हणजे जमिनीच्या भाड्यात, १० टक्के सूट द्यायला तयार झाला, कुळांनी २५ टक्के मागितली. ती मिळाली नाहीच, उलट १८८० च्या सप्टेंबरात कुळांना जमिनीवरून काढण्याच्या नोटिसा निघाल्या. त्या बजावायला आलेल्या माणसाला आणि त्याच्याबरोबरच्या पोलिसांना गावातल्या बायकांनी दगड-चिखल मारून पळवून लावले.

त्याच आठवड्यात, १९ सप्टेंबरला, एनिस गावी पार्नेल या आयरिश पुढाऱ्याची सभा झाली होती. शेजाऱ्याला हुसकावून रिकामी केलेली जमीन जो खंडाने घेईल त्याचे काय करायचे, असे त्याने विचारले. गर्दीतून आवाज आला, गोळी घाला! पार्नेल म्हणाला, त्याहून चांगला मार्ग आहे. रस्त्यात, दुकानात, बाजारात, अगदी प्रार्थनेच्या जागीही त्याला एकटा पाडा, पूर्वी महारोग्याला दूर ठेवत तसा.

हा उपाय बॉयकॉटवर झाला. शेतातले मजूर निघून गेले, घरातले नोकर गेले. लोहार घोड्यांना नाल ठोकेना, धोबीण कपडे घेईना, गावातले दुकानदार सामान देईनात. शेवटी पीक काढायला उत्तरेकडून ५० माणसे आणावी लागली आणि त्यांच्या राखणीला सुमारे हजारभर सैनिक व पोलीस. सुमारे ५०० पौंडांच्या पिकापायी १०,००० पौंड खर्च झाले, असा तेव्हाचा हिशेब आहे. १ डिसेंबरला बॉयकॉटने आयर्लंड सोडले.

शब्द कसा जन्मला, तेही नोंदलेले आहे. रेडपाथ नावाचा अमेरिकन पत्रकार तिथले पाद्री फादर ओमॅली यांच्याबरोबर जेवायला बसला होता. या प्रकाराला जो भारदस्त इंग्रजी शब्द आहे तो शेतकऱ्यांना कळणार नाही, अशी त्याची अडचण. फादरनी जरा विचार केला आणि म्हणाले, 'त्याला बॉयकॉट करणे' असेच म्हटले तर? काही वर्षांत तो शब्द फ्रेंच, जर्मन, रशियन भाषांतही गेला. माणसावरून तो मालावर आला. १९०५ च्या ७ ऑगस्टला कलकत्त्याच्या टाउन हॉलमध्ये विलायती मालावरच्या बॉयकॉटचा ठराव झाला, आणि टिळकांच्या चतुःसूत्रीत स्वदेशीच्या शेजारी 'बहिष्कार' बसला.

माझी खरी तक्रार इथून सुरू होते. मराठीत 'बहिष्कार' हा शब्द तेव्हा कोरा नव्हता. जातीबाहेर टाकणे, वाळीत टाकणे, पेशवाईपासूनचे ग्रामण्य (जातीचा नियम मोडल्याबद्दल बहिष्काराचा खटला), हे सगळे त्यात आधीपासून भरलेले होते. खुद्द टिळक आणि रानडे यांच्यावर पुण्याच्या पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये १८९० साली चहा घेतल्याच्या ठपक्यावरून ग्रामण्य आले, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले. आयर्लंडच्या कुळांचा शब्द आपण त्याच जुन्या भांड्यात ओतला. १९०५ मध्ये बहिष्कार घालणारे परक्या सत्तेशी लढत होते. आणि १९२४ मध्ये मुंबईत डॉ. आंबेडकरांनी संस्था काढली तिचे नाव बहिष्कृत हितकारिणी सभा. हे बहिष्कृत कोणी केलेले, ते सांगायला नको. हक्क मागितला की गावाने काम, किराणा, वाट, सगळे तोडायचे, हा अनुभव त्यांच्या लोकांचा रोजचा होता. म्हणून १९३० मध्ये गोलमेज परिषदेपुढे ठेवलेल्या मागण्यांत त्यांनी सामाजिक बहिष्कार हा गुन्हा ठरवा अशी मागणी केली, ब्रह्मदेशातल्या १९२२ च्या बहिष्कारविरोधी कायद्याच्या धर्तीवर.

कोणी म्हणेल, मेयोतही दुकान आणि लोहार बंद झालेच होते, मग फरक काय? मी या प्रश्नावर बराच विचार केला आहे. तिथे टपाल आणणाऱ्या पोरालाही धमकावले होते, ते मला पटत नाही. पण बॉयकॉटच्या मागे लॉर्ड होता, सरकार होते, हजार बंदुका होत्या. ज्यांची जमीन जाणार होती त्यांनी त्याची चाकरी नाकारली.

आमच्या शाळेत आठवीत एक मुलगा होता. गावकीच्या बैठकीत त्याच्या वडिलांनी वर्गणीचा हिशेब मागितला, त्या घराला वाळीत टाकायला एवढेच कारण झाले. एका सकाळी मी गिरणीत उभा होतो. तो तांदळाचा डबा घेऊन आला आणि रांगेत ठेवला. गिरणीवाल्याने माझे दळण संपवले, पट्टा उतरवला आणि म्हणाला, वीज गेली. डोक्यावरचा बल्ब चालू होता. मुलाने बल्बकडे पाहिले, डब्याचे झाकण पुन्हा घट्ट बसवले आणि काही न बोलता निघून गेला. मीही काही बोललो नाही, याची मला आजही लाज वाटते. त्याच वर्षी त्याची आजी गेली तेव्हा खांदा द्यायला तालुक्याहून पाहुणे यावे लागले. त्या घराच्या राखणीला कोणी हजार माणसे पाठवली नव्हती.

तेव्हा कायदा नव्हता, आज आहे. सामाजिक बहिष्काराविरुद्धचा २०१६ चा महाराष्ट्राचा कायदा ३ जुलै २०१७ पासून लागू झाला आणि त्यात तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. असा कायदा करणारे आपले राज्य देशात पहिले. आपल्या बातमीत त्याचा उल्लेख नाही. 'बॉयकॉट' असा मथळा वाचून वाचकाला वाटते, गावाने काही निषेध केला असेल, त्यांचा तो हक्क आहे. मोबाइलवर रोज कुठल्या ना कुठल्या सिनेमावर, साबणावर बॉयकॉट चालू असतो, त्याच रांगेत हे घरही जाऊन बसते.

म्हणून विनंती अशी की पुढच्या वेळी सरळ 'वाळीत टाकले' असे लिहा आणि खाली कायद्याचे नाव द्या. तक्रार पोलीस ठाण्यात करता येते, हेही एका ओळीत छापा. आणि आपला वार्ताहर त्या गावी पुन्हा गेला तर त्या घराला आता दळण मिळते का, तेवढे विचारून जरूर कळवा.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, जि. रायगड